गाडी वळवायची जागा

"पावणे उठले," सुगंधा स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली. "एष्टी स्टँड धा मिन्टांर आसा. तेंका चलत जावंदेत. तुमी उगाच मोटार काढू नको."

सत्यवान केळुसकरांनी तोवर कोट अंगात घातला होता, आणि कोट घातला म्हणजे मोटार निघणार हे त्यांच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होते.

मोटार होतीच तशी. बेळगावच्या एका लाकडाच्या कंत्राटदाराने ती विलायतेहून आणवली होती. कंत्राटदार थकला आणि चार वर्षांपूर्वी ती मालवणात, कौलांचे व्यापारी सत्यवानशेट यांच्या दारात येऊन उभी राहिली. काळी, तुकतुकीत, एखाद्या मचव्याएवढी लांब. आत मखमली गाद्या, खिडक्यांना रेशमी पडदे आणि फुले ठेवायला काचेची इवलीशी फुलदाणी. पण वय लपत नव्हते. ब्रेक दाबला की ती विचार करून थांबे. तापलेली असताना थांबवली तर झोपी जाई. गेल्या शिमग्यात तिचा मागे जायचा गियर गेला. लाँचींची इंजिने दुरुस्त करणारा शिवा मेस्त्री तिच्या पोटाखाली तासभर पडून राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "रिव्हर्स मेलो. सामान मिळूचा नाय. आता पुढे बघान चलवा."

तेव्हापासून सत्यवानांनी गावात एक फेरी बांधून घेतली होती. घर, बाजार, एसटी स्टँड, त्यापलीकडचे मोकळे मैदान, तिथे मोठा वळसा आणि परत घर. ह्या फेरीत मागे जायची वेळच येत नसे. शेट रोज ठरल्या वाटेने हवा खायला निघतात, असे गावाला वाटे, आणि शेटही गावाला तसे वाटू देत.

गाडी चालती ठेवण्याचे खरे काम करी ती त्यांची मुलगी सुनीती. मॅट्रिक होऊन घरी बसलेल्या सुनीतीने शिवा मेस्त्रीच्या बाजूला उभी राहून सगळे इंजिन पाठ करून टाकले होते. त्यामुळे तिच्या नखांत कायम काळे असे, आणि आज नेमके ते पाहुण्यांच्या नजरेला पडले होते.

"काजी सोलता ना, तेचो चीक," सुगंधाने घाईघाईने सांगितले होते.

पाहुणे म्हणजे इन्सुलीच्या शाळेचे हेडमास्तर जयराम तेंडोलकर. त्यांचा मुलगा गंगाराम सावंतवाडीला कचेरीत होता. मास्तर मुलगी बघायला एकटेच आले होते. ते शुद्ध पुस्तकी मराठीत, एकेक शब्द तोलून बोलत. पोहे खाऊन झाले, चहा झाला, सुगंधाने कोकमाच्या आगळाच्या सहा बाटल्या भेट म्हणून डिकीत ठेवल्या, तरी मास्तर हो म्हणेनात की नाही म्हणेनात.

"मोटारीत बसले की बोलतले," सत्यवान बायकोच्या कानात म्हणाले आणि त्यांनी सुनीतीला पुढे बसवले. ती मैत्रिणीकडे जाते आहे, असे मास्तरांना सांगितले. तिच्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नाही, हे सांगितले नाही.

बाजारातल्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. एसटीच्या ड्रायव्हरने बाहेर डोके काढले.

"शेटनू, जरा मागे घेवा."

"तू घे."

"माझ्या मागे सात बैलगाडये आसत."

सत्यवानांनी क्षणभर विचार केला. "माझ्या गाडयेत पावणे आसत. पावण्यांका मागे नेवचा बरां दिसत नाय."

असे कारण ड्रायव्हरने नोकरीत पहिल्यांदाच ऐकले. तो उतरला, दोन शब्द जोरात बोलला, मग बैलांना वळवण्यात त्याचा पाऊण तास गेला. तेवढा वेळ सुनीती शेजारून पाय लांबवून एक्सलरेटर दाबून इंजिन जागे ठेवत होती. अखेर एसटी मागे गेली, बाजूला झाली आणि धुरळा उडवत निघून गेली. मास्तरांनी मागच्या काचेतून तिच्याकडे पाहिले.

"ती सावंतवाडीची एसटी होती," ते म्हणाले.

"दुसरी मिळतली."

"दुसरी उद्या सकाळी."

सत्यवानांनी मनात हिशेब केला. पाहुणा रात्री मुक्कामाला राहिला तर सकाळी सुनीती गाडीखाली पडलेली दिसणार. त्यांनी मैदानात झोकदार वळसा घेतला आणि गाडी पुढच्या कट्टा गावाच्या रस्त्याला लावली. "घाबरू नको, मास्तर. कट्ट्यार गाठतंय तिका."

कट्ट्याला एसटी दिसली. पण ड्रायव्हरने आरशात ती काळी मोटार पाहिली, आणि राहिलेले भांडण पुरे करायला शेट पाठलागावर आला असे समजून त्याने एसटी अशी पिटाळली की वाटेतले दोन थांबे हात हलवत मागे राहिले. कुडाळला सत्यवानांनी हॉर्न वाजवला. एसटी आणखी जोरात सुटली.

"थांबू नको, बाबा," सुनीती पुटपुटली. "तापलीहा. थांबली तर परत उठाची नाय."

मागे मास्तर खिडकीचा रेशमी पडदा दोन बोटांत धरून बसले होते. त्यांच्या मनात काय चालले आहे ते कळत नव्हते. सावंतवाडीच्या तळ्याकाठी पोचल्यावर ते बोलले. "आपण फार तसदी घेतलीत. मला इथे उतरवले तरी चालेल. इन्सुली इथून पाच मैल. कोणी ना कोणी भेटेल."

इथेच ब्रेक दाबला असता तर पुढचे काही घडले नसते. पण सत्यवानांची जीभ त्यांच्या गाडीसारखीच होती, तिलाही मागे येता येत नसे.

"आमचा पावणा वाटेर उतरता काय? घराच्या पायरेर सोडतंय."

इन्सुली आली. मास्तरांनी बोट दाखवले. "त्या वडापासून डावीकडे. उताराचा रस्ता आहे. शेवटचे घर माझे."

"शेवटचा? तेच्या फुडे काय आसा?"

"माझी विहीर."

सत्यवानांच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहिले. उताराच्या तळाशी, विहिरीच्या काठाला आपली मोटार कायमची उभी आहे, आणि तिच्या मखमली गादीवर मास्तरांच्या कोंबड्या अंडी घालताहेत. वड आला. वड गेला.

"घर मागे राहिले," मास्तर म्हणाले.

"जरा फुडसून वळवून आणतंय."

"माझ्या अंगणात वळेल की."

"तिका अंगण पुरत नाय."

पुढे मोठी जागा होती खरी, पण तिच्या अलीकडे नाक्याचा आडवा बांबू होता. सत्यवानांनी ब्रेक दाबला, गाडीने नेहमीप्रमाणे विचार केला आणि बांबूपासून वीतभर अंतरावर ती थांबली. थांबली आणि झोपी गेली. मागे दोन ट्रक येऊन उभे राहिले.

नाक्यावरचा जमादार घाटावरून नुकताच बदलून आला होता. दारूबंदीचे दिवस, पलीकडे गोवा, त्यामुळे तो प्रत्येक गाडीकडे बाटली असल्यासारखेच बघे. रेशमी पडदे बघून तर त्याचे डोळे चमकले.

"कुठे निघालात?"

"खंय नाय. गाडी वळवूक इलंय."

"कुठून आलात?"

"मालवणातना."

जमादाराने टोपी काढून पुन्हा घातली. "मालवणहून इथे, गाडी वळवायला?"

"हय."

"मालवणात वळत नाही?"

"वळता. पण थंय एष्टी आडवी इली."

डिकी उघडली गेली. गर्द लाल रंगाच्या सहा बाटल्या, केळीच्या सोपटात नीट बांधलेल्या. जमादाराने एक बाटली उचलून उजेडात धरली. "लोक तिकडून इकडे आणतात. तुम्ही इकडून तिकडे नेताय?"

"ह्या आगळ आसा. कोकमाचा."

"ते मी ठरवतो." त्याने बूच काढले, वास घेतला आणि पुरावा म्हणून एक मोठा घोट घेतला. आंबट आणि खारट दोन्ही एकदमच वर चढले. त्याचा एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, कान हलले, आणि मान खांद्यांत गेली ती बराच वेळ वर येईना. आवाज परत आल्यावर त्याने शिपायाला बाटली दिली. "तू बघ. मला हे दारूपेक्षा भयंकर वाटतंय."

शिपाई बांद्याचा होता. त्याने शांतपणे अर्धी बाटली संपवली आणि ओठ पुसले. "बरां आसा, सायबानू. फक्त नारळाचो रस होयो."

"गाडी मागे घ्या," जमादार रडवेल्या आवाजात म्हणाला. "ट्रक खोळंबलेत."

"मागे जायत नाय ती," सत्यवान म्हणाले. शिमग्यापासून प्रथमच त्यांनी हे परक्या माणसाला सांगितले होते, आणि मास्तर दोन हात अंतरावर उभे राहून ऐकत होते.

"मग पुढे घ्या."

"फुडेय जावची नाय. निजली."

तेवढ्यात सुनीती उतरली. तिने पदर खोचला, बॉनेट उघडले, शिपायाकडून तांब्याभर पाणी मागून घेतले, फडके भिजवून पेट्रोलच्या नळीला गुंडाळले आणि आत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. सत्यवानांनी डोळे मिटून घेतले. आता काजीचा चीक म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता.

"बाबा, मारा स्टार्टर," ती म्हणाली. इंजिन गुरगुरत जागे झाले. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. जमादाराने बांबू उचलला, गाडीने पलीकडच्या मोकळ्या जागेत भलामोठा वळसा घेतला आणि ती आल्या वाटेने परत फिरली. वडापाशी सुनीतीने एक्सलरेटर धरून ठेवला, आणि मास्तर उतरले. त्यांच्या काखेत साडेपाच बाटल्या होत्या. सत्यवान निरोपाचे शब्द जुळवू लागले.

"केळुसकर," मास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून मालवणी आली, "खरां सांगू? मी नाय म्हणाचा ठरवलेलंय. तुमची ती मोटार दारात बघली आणि मनात म्हटलंय, अशा गादयेर वाढलेला चेडू आमच्या शेणान सारवलेल्या घरात कसा रवतला? आता बघलंय. पुढल्या आयतवारी गंगारामाक घेवन येतंय. दोघां एकमेकांक बघूंदेत. तुमच्या चेडवाक तो पसंत पडलो तर माझी ना नाय. आणि हुंडो-बिंडो काय नको."

सुनीतीने मान खाली घातली, पण पाय एक्सलरेटरवरच होता.

परतीच्या वाटेवर सत्यवान कुडाळपर्यंत गाणे गुणगुणत होते. कुडाळच्या पुढे गाणे थांबले. कट्ट्याला त्यांचा चेहरा उतरला. दिवेलागणीला गाडी दारात शिरली तेव्हा सुगंधा ओटीवर वाट बघत बसली होती.

"काय म्हणाले पावणे?"

"ठरल्यासारखाच आसा," सत्यवान खिन्नपणे म्हणाले आणि पायरीवर बसले. "पण मी काय म्हणतंय, एवढी घाई कित्याक? चेडू बावीस वर्सांचा."

"कालपर्यंत बावीस म्हणजे घोडी झाली म्हणत होतास."

"आणि इन्सुली लांब आसा."

"काल म्हणालास हाकेर आसा."

"तो गंगाराम कचेरीत बसता. कचेरीतल्या माणसाचा काय खरां?"

सुगंधाने नवऱ्याकडे नीट बघितले, मग त्याच्या नजरेच्या रोखाने अंगणात बघितले. तिथे मोटार चुरचुरत थंड होत होती आणि सुनीती फडक्याला हात पुशीत होती. सुगंधाला सगळे कळले. ती हसू लपवायला आत गेली.

सुनीती पायरीपाशी आली आणि तिने ते काळे फडके बापाच्या मांडीवर ठेवले. "लग्नाक अजून चार म्हयने तरी लागतले, बाबा. तवसर शिकशाल. उठा, आजच सुरू करूया."

सत्यवान उठले. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, बाह्या कोपरापर्यंत सारल्या, सावकाश मोटारीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले, आणि तिच्याभोवती एक फेरी घालून परत तिथेच आले.

"बाये," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ह्या बॉनेट उघडता खंयसून?"