मुकादमचा कोट आणि उभं राहण्यातली चूक

मुकादमचा कोट शेवटी नानांनी स्वतःच्या हातांनी कापला.

वरील विधान मागे घेण्यात येत आहे. असं काहीही झालेलं नाही, आणि झालंच असेल तर ते पाहायला तिथे कोणी नव्हतं (नानी होत्या, मुलगी होती आणि शिंपी चहा पीत होता).

थंडी कोणालाही सोडत नाही. तिच्यापुढे दोन पायांचा आणि चार पायांचा असा भेद नसतो. तो कापड बेतताना सुरू होतो.

मुकादम हा नानांच्या घरचा म्हातारा कुत्रा. घरातली माणसं काम करत असली की हा शेजारी थांबून देखरेख करायचा, म्हणून हे नाव. पाठीवरची गाठ काढताना जनावरांच्या डॉक्टरांनी त्याची मानेपासून शेपटीपर्यंत हजामत केली होती. टाके निघेपर्यंत उघड्या अंगाने बाहेर न्यायचं नाही. गारठा बाधला तर या वयात पुन्हा ऑपरेशन झेपणार नाही, अशी तंबी मिळाली होती. आणि मुकादम घरात पाय वर करत नसे. जीव गेला तरी फरशी ओली करणार नाही, असा त्याचा बाणा. थोडक्यात, कोट ही चैन राहिली नव्हती.

नाना गणवेश पुरवठा विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या कारकिर्दीत एकही कोट चुकला नाही. माणसं चुकली. बाही लांब वाटली तर हात आखूड असे. गळा आवळला तर मान प्रमाणाबाहेर गेलेली असे, आणि तसं संबंधित मानेला लेखी कळवलं जाई. सुधारलेल्यांची आकडेवारी उपलब्ध नाही. पण दुसऱ्यांदा तक्रार कोणीच केली नाही, त्यावरून शंभर टक्के सुधारले असावेत.

"नाना, दुकानात तयार मिळतात हो," मुलगी म्हणाली. "लहान, मध्यम, मोठा. मध्यम आणते."

"मध्यम हे माप नाही," नाना म्हणाले. "तो आळस आहे."

शिंपी आला. त्याची हयात पँटी शिवण्यात गेलेली, त्यामुळे त्याने आधी विचारलं, "साहेब, खिसे किती?"

"दोन," नाना म्हणाले. (दुसरा कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. पहिला कशासाठी, हेही.)

मग नाना मुकादमला म्हणाले, "बस."

इथे एक खुलासा आवश्यक आहे. निवृत्तीनंतर नानांचा शब्द घरात कोणी मानत नसे. टीव्ही बंद करा म्हटलं की आवाज वाढे. पण "बस" म्हटलं की मुकादम बसे. छाती पुढे, मान ताठ, नजर नानांवर. नाना दिवसातून अनेकदा, कारण नसताना, "बस" म्हणत.

"उभा केला तर बरं पडेल," शिंपी टेप सोडत म्हणाला.

"माप शिस्तीत घ्यायचं असतं. ही शिस्त आहे."

"तुमचं कापड, तुमचा कुत्रा," असं म्हणून शिंप्याने शिस्तीचं माप घेतलं.

कोट आला. गडद निळा, आतून उबदार, पोटाखाली रुंद पट्टा. बसलेल्या मुकादमच्या अंगावर त्याला एक सुरकुती नव्हती.

"अगं बाई," नानी म्हणाल्या, "हा तर निरोपसमारंभातल्या तुमच्यासारखा दिसतोय!"

नाना दिवाणखान्यात दोन फेऱ्या मारून आले.

मग मुकादम फाटकाजवळच्या झाडापाशी गेला आणि निसर्गनियमानुसार उभा राहिला. तोच पोटाखालचा पट्टा सैल पडून मागे घसरला आणि ज्या कामासाठी बाहेर आणलं होतं, नेमकं तेच ठिकाण झाकून बसला. मुकादमने पाय उचलला. पट्टा आवळला. मुकादमने पाय खाली ठेवला, नानांकडे बघितलं, आणि शिस्तीत बसला.

कोट पुन्हा निर्दोष.

"बघा," नाना म्हणाले. "कोट बरोबर आहे. उभं राहण्यात चूक आहे."

प्राथमिक पाहणीत पुढील दोष आढळले: पाय मंजूर संख्येपेक्षा दोन जास्त, पोट पुढे असायचं ते खाली, शेपटीसाठी नियमांत तरतूदच नाही.

दुपार झाली. मुकादम अंगणात बसूनच होता. छाती पुढे, मान ताठ, आणि मागचे पाय थरथरत.

"अहो, सकाळपासून तुंबलाय तो," नानी म्हणाल्या. "उठ म्हणा ना त्याला."

"उठ त्याला शिकवलेलं नाही."

"काढून टाकू का कोट?" मुलगी म्हणाली.

"या वाऱ्यात? टाके आहेत गं त्याला!" नानी म्हणाल्या.

मुकादम कण्हला, पण हलला नाही. अजून नानांकडेच बघत होता, शाबासकीची वाट पाहत. जगात नानांचं ऐकणारा एकच जीव उरला होता, आणि तो ऐकून ऐकून फुटायच्या बेतात होता.

यापुढचं घडलेलं नाही. कौतुक ऐकायला आलेल्या शिंप्याची कात्री नानांनी ओढून घेतली नाही. ते चिखलात गुडघे टेकून बसले नाहीत. पोटाखालचा पट्टा कापताना मुकादमच्या कानाशी "चुकलं रे बाबा, तुझं नाही" असं म्हणाले नाहीत. विभागाच्या इतिहासात हे वाक्य पूर्वी कोणी उच्चारलेलं नाही, त्यामुळे ते आताही उच्चारलं गेलं नसावं. यानंतर मुकादम झाडापाशी इतका वेळ उभा राहिला की शिंप्याचा चहा संपला, कपही विसळून झाला.

अधिकृत माहितीनुसार, खालची मोकळी जागा मूळ नमुन्यातच होती.

वाचक हसत असतील तर त्यांनी आपलं कपाट उघडून तो एक खास कोट बाहेर काढावा. त्याचं माप दिलं तेव्हा आपण छाती फुगवून, पोट आत ओढून, श्वास रोखून उभे होतात. मुकादम निदान श्वास तरी घेत होता. तो कोट आजही निर्दोष आहे.

सबब, सर्व संबंधितांना नम्र विनंती की, पुढील आदेश येईपर्यंत कोणीही श्वास सोडू नये.