शंकराच्या जटेतला पंप

देवाच्या मस्तकावरची गंगा उतरवून जो ती आपल्या मोटारसायकलला बसवतो, त्या माणसाला काय म्हणावे, हे तुम्ही सांगाल काय? चोर म्हणावे, तर त्याचा पगार वेळेवर होत होता आणि तो दर संकष्टीला उपास करीत होता. वेडा म्हणावे, तर तो महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात सीनियर इंजिनिअर होता. हकिगत सांगतो. नाव तुम्ही ठेवा.

अवधूत रहाटणीच्या एका सोसायटीत पत्नी निवेदितेसह राहत असे. घरातल्या पंख्यावर धूळ साचली तर ती त्याला दिसत नसे. मोटारसायकलच्या टाकीवर बोटाचा ठसा उमटला तर झोप लागत नसे. एरवी माणूस सरळ. कंपनीत सुटा भाग आला की तो कशाचा आहे, किती ताप सोसतो, याचा दाखला पाहिल्याशिवाय तो सही करीत नसे. पुरवठादार त्याला चळचळा कापत. (दुसऱ्याच्या मालाची पारख करणे हा फार सोपा धर्म आहे.)

या गाडीला एकच दुखणे होते. तळवड्याच्या चौकात, कंटेनरांच्या गर्दीत ती अडकली की तापे. इंजिनाभोवती पाणी फिरवणारा जो पंप गाडीबरोबर येतो, तो इंजिनाच्याच चालीवर फिरतो. गाडी पळते तेव्हा तोही पळतो. गाडी रखडते तेव्हा तोही सुस्तावतो. म्हणजे गरज जास्त तेव्हाच काम कमी. (असे नोकर कोणत्या खात्यात नसतात?)

मागच्या सीटवर काळेवाडीचा नवनाथ बसे. तो त्याच कंपनीत असेंब्लीला होता आणि पेट्रोलचा निम्मा खर्च टोमण्यांनी फेडीत असे.

“राव, मांडीखाली तवा ठेवलाय का?” एका शनिवारी चौकात तो म्हणाला. “वहिनींना सांग, भाकरी हितंच टाकत जा. गॅस वाचंल.”

“सोमवारपासून बघ,” अवधूत म्हणाला. “वेगळा इलेक्ट्रिक पंप बसवतोय. गाडी चालू असो, बंद असो, पाणी फिरतच राहणार.”

“कुठल्या गॅरेजला?”

“गॅरेजवाल्यांना काय कळतं? मी स्वतः बसवणार.”

“मग सोमवारी मी बसनंच येतो भावा.”

“माझ्याच मागे बसून यायचं. लागली पैज.”

माणसाचा अभिमान शब्दाने दुखावतो आणि शब्दानेच स्वतःला खड्ड्यात लोटतो. अवधूतने पंप मागवला होता, हे खरे. परंतु रविवारी सकाळी निरोप आला की सणाच्या गर्दीमुळे पार्सल उशिरा पोचेल.

सण गणपतीचा होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडव होता आणि देखावा गंगावतरणाचा. गोणपाटाचा हिमालय, त्यावर ध्यानस्थ शंकर, त्याच्या जटेतून पडणारी गंगा, आणि पायथ्याशी गणराय. पाणी चमकावे म्हणून निवेदितेने त्यात रुपेरी चमकी मिसळली होती. सजावटीचा प्रमुख अवधूत. गंगेचा पंप त्यानेच निवडून आणला होता. तो बॅटरीवर चालतो, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. ज्ञान पापाला शिडी लावते ती अशी.

दुपारी देवाच्या विश्रांतीसाठी पडदा सोडलेला होता. बाहेर स्टुलावर भैरू बसला होता. हा सोसायटीचा रखवालदार, परभणीकडचा, वयस्क. रात्री तो मांडवातच निजे, समईत तेल घाली, आणि “माझ्या भरवशावर देव निजतो” हे गावी फोन करून अभिमानाने सांगे.

“भैरू, जेवून ये निवांत,” अवधूत म्हणाला. “मी आहे इथं.”

“लई उपकार साहेब,” म्हणून भैरू गेला.

अवधूत पडद्याआड शिरला. त्याने गणपतीला नमस्कार केला, कान पकडले आणि हात शंकराच्या जटेत घातला. “बाप्पा, फक्त पार्सल येईपर्यंत. देवाचं ते सगळ्यांचंच असतं.” हे वाक्य देणाऱ्याच्या तोंडी शोभते. नेणाऱ्याच्या तोंडी ते जसे वाटते, तसे त्यालाही वाटले. पण तोवर पक्कड नळीवर चालली होती.

तळघरात त्याने पंप इंजिनाच्या नळीत जोडला, तारा सरळ बॅटरीला लावल्या, आणि बटण बसवण्याचा कंटाळा केला. पंप गुणगुणू लागला. अवधूत घरी कपाळाला काळे तेल लावूनच गेला.

“हे काय?” निवेदितेने विचारले.

“चेन साफ केली.”

“कपाळानं?”

संध्याकाळच्या आरतीला गंगा आली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या शालनबाई हात जोडून म्हणाल्या, “महापालिकेचं पाणी दिवसाआड. आता गंगाही दिवसाआड का?” लोक हसले. सजावटप्रमुखही हसला. “वायर सैल असेल, उद्या बघतो,” असे त्याने सांगितले. चोरीच्या पाठीवर खोटे बसले. एका गाडीवर दोन स्वार झाले.

सोमवारी सकाळी तळवड्याच्या चौकात गाडी बराच वेळ अडकली, आणि तापमानाचा काटा हलला नाही. नवनाथने पुढे वाकून पाहिले. “मानलं राव,” तो म्हणाला. अवधूतची छाती इतकी फुगली की शर्टाची गुंडी ताणली. पण सकाळी हवा गार होती आणि पाऊस भुरभुरत होता, हे श्रेय देताना दोघेही विसरले.

दुपारी निवेदितेचा फोन आला.

“अरे, गंगेचा पंप चोरीला गेलाय. शालनकाकू मागची बाजू पुसायला गेल्या, तर नळी कापलेली. सगळे भैरूमामांना बोलतायत.”

“भैरूला का?”

“रात्री तिथं तेच असतात ना. अण्णासाहेबांनी त्यांच्याकडून मांडवाची किल्ली काढून घेतली. संध्याकाळपर्यंत पंप मिळाला नाही, तर उद्यापासून येऊ नका म्हणाले. म्हातारा जेवला नाहीये, अवधूत. जप करत बसलाय.”

एक वाक्य पुरेसे होते. ते त्याच्या जिभेवर आले, आणि समोरून एक शिकाऊ इंजिनिअर सहीसाठी कागद घेऊन आला. “बघू आल्यावर,” इतकेच तो बोलला. गुपचूप पंप परत ठेवू, सगळे आपोआप मिटेल, हा त्याचा हिशेब. आपोआप मिटतात ते फक्त डोळे.

पाठोपाठ सोसायटीचे अध्यक्ष अण्णासाहेब यांचा फोन. “अवधूतराव, लवकर या. तुमच्या कंपनीत ते पाच वेळा ‘का’ विचारून मूळ दोष शोधतात ना? तुम्हीच सांगता नेहमी. इथं तुम्हीच चौकशी करा. तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस नाही दुसरा.”

परतताना ऊन कडक पडले होते. चौकात काटा चढू लागला. सजावटीचा पंप थंड पाण्यासाठी केलेला; उकळत्या पाण्यात त्याचे प्लॅस्टिक मऊ पडू लागले होते. असा भाग कंपनीत आला असता, तर अवधूतने तो पुरवठादाराच्या अंगावर फेकला असता.

“राव, पुन्हा तवा तापला वाटतं,” मागून नवनाथ म्हणाला. “आलोच आहे तर तुमच्या गणपतीचा प्रसादही घेतो.”

मांडवाजवळ सगळी सोसायटी जमली होती. गाडी तळघरात नेण्याची सवड मिळालीच नाही. अण्णासाहेबांनी, पांढऱ्या स्वच्छ झब्ब्यात, त्याला हाताला धरून मधोमध उभे केले. गाडीची किल्ली अवधूतच्या खिशात गेली. पण बटण नसल्यामुळे पंप मागे फिरतच राहिला. समोर भैरू हात जोडून उभा होता. डोक्यावरची टोपीही त्याने काढून ठेवली होती.

“विचारा,” अण्णासाहेब म्हणाले.

अवधूतने खिशातली गाडीची किल्ली चाचपली. “गंगा... का थांबली?”

“पंप न्हाई म्हून.”

“पंप का नाही?”

“कुनी तरी नेला, साहेब.”

“त्याला... नेता का आला?”

“म्या जेवाया गेलतो तवा झालं आसंल.”

“मांडव सोडून का गेलात?” हे विचारताना अवधूतचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही.

भैरूने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत आशा होती. “साहेब, तुमीच म्हनलात की, ‘मी हाय हितं.’ तुमी आसताना चोर कसा येईल? म्हून बिनघोर गेलो.”

कुजबुज थांबली. पाचवा ‘का’ अवधूतने विचारायचा होता आणि उत्तरही त्यानेच द्यायचे होते. त्याने खाली पाहिले. त्याचे बूट चकचकीत होते. त्या शांततेत मागून बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली.

“हा आवाज कसला?” शालनबाईंनी विचारले.

उत्तर गाडीने दिले. मऊ झालेला पंप फुटला, नळी सुटली, आणि वाफेसह इंजिनातल्या हिरव्या पाण्याची चिळकांडी उडाली. सुदैवाने कुणाला भाजले नाही. पण अण्णासाहेबांचा झब्बा हिरवा झाला, आणि त्या हिरवळीवर रुपेरी ठिपके चमकू लागले. उरलेले पाणी फरशीच्या उतारावरून वाहत भैरूच्या अनवाणी पायांशी येऊन थांबले. गंगा आपल्या पायांनी परत आली होती.

निवेदितेने वाकून बोट बुडवले आणि उजेडात धरले. “ही चमकी मी घातली होती,” ती हळू म्हणाली.

नवनाथ, गाडीवरचा हात झटकत, पुटपुटला, “राव, पैज जिंकलास. गाडी थंड झाली.”

“मी परत ठेवणारच होतो,” अवधूत म्हणाला. त्याची मान वर येत नव्हती.

“केव्हा?” अण्णासाहेबांनी विचारले. “भैरू गावी पोचल्यावर?”

पंप नेला तो दोष धुतला जाण्याजोगा होता. म्हाताऱ्याला समोर उभे करून स्वतः प्रश्न विचारले, त्याला पाणी कुठले आणायचे?

निवेदिता नवऱ्याला नावाने हाक मारी. त्या संध्याकाळी ती लग्नानंतर प्रथमच म्हणाली, “अहो.” त्यात आदर नव्हता. “अहो, आधी भैरूमामांच्या पाया पडा. मग घराकडे बघा.”

अवधूत ओल्या फरशीवर वाकला. भैरू दचकून मागे सरला. “नगा साहेब, नगा! मलाच पाप लागंल.” आणि मग, अश्रू पुसत, “देवाचा पंप घावला, बास झालं. पर साहेब, मला इचारलं आसतं तर म्या बादलीनं पानी वतलं आसतं की तुमच्या गाडीवर.”

अण्णासाहेबांनी मांडवाची किल्ली भैरूच्या हातात दिली आणि स्वतःही हात जोडले. संशय घेणाऱ्यालाही प्रायश्चित्त चुकत नाही.

मग दंड ठरला. बाजारातून नवा पंप आणतो, दोन आणतो, असे अवधूत परोपरीने विनवू लागला. उशीर झालेले ते पार्सलही देवाला वाहतो म्हणाला. अण्णासाहेबांनी मान हलवली. “देवाला तुमचा पंप नको. गंगा तुम्ही थांबवलीत. विसर्जनापर्यंत ती तुम्हीच वाहती ठेवा.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ, दर्शनाच्या वेळी, क्वालिटी विभागाचा सीनियर इंजिनिअर गोणपाटाच्या हिमालयामागे उकिडवा बसून तांब्यातांब्याने शंकराच्या जटेत पाणी ओतू लागला. गुडघे आखडले, बोटे सुरकुतली, मानेवर चमकी चिकटली ती कंपनीतही दिसू लागली. पुढच्या बाजूने भक्त म्हणत, “यंदा धार किती संथ पडतेय!” भैरू मधूनच पडद्यामागे चहा ठेवून जाई. तो चहा त्याला सर्वांत जड जाई.

विसर्जनानंतर सोसायटीची बैठक झाली. अवधूत शेवटच्या रांगेत, दारापाशी बसला होता. पुढच्या वर्षी गंगेला कोणता पंप आणावा, असा विषय निघाला.

“पंप कशाला?” अण्णासाहेब म्हणाले. “अवधूतरावांनाच बसवू. ते आवाज करीत नाहीत. गप्प बसण्याचा त्यांना सराव आहे.”

ठराव एकमताने संमत झाला. अनुमोदन निवेदितेने दिले.