हद्दपारीचा ठराव, एकमताने

दुसऱ्याच्या दुःखाशी समरस व्हायचं तर पाठ टेकता येईल अशी खुर्ची लागते, हे आता सर्वमान्य झालं आहे. म्हणूनच वसाहतीच्या गायकवृंदानं जुन्या संगीताचा 'परागंदा सूर' हा महोत्सव भरवायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या सात बैठका खुर्च्यांवर झाल्या आणि आठवीत विषय निघाला. विषय हद्दपारी आणि छळ. चारशे वर्षांपूर्वी ज्यांना घरादारातून हाकलून दिलं, त्यांनी वाटेत रचलेली गाणी गायची आणि मध्यंतरात कॉफी. (कॉफीबद्दल दोन मतं होती. छळाबद्दल नव्हती.)

गायकवृंदात एकूण तेवीस जण. त्यांतले बावीस सुरात गात आणि तेविसावा कुलूपवाला होता. कोपऱ्यावर त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत शिरलं की मालकाला बाहेर उभं राहावं लागे. माणूस लाख मोलाचा, आवाज खणखणीत. पण बाकीचे जिथे गात, त्याच्या अर्धा सूर खाली तो गाई. त्याहून वर चढत नसे, त्याहून खाली घसरत नसे. अर्धा म्हणजे अर्धा, आणि तोही सलग अकरा वर्षं. गायकवृंदाच्या संचालिकाबाई पेशानं दंतवैद्य होत्या. आ वासलेल्या तोंडांची त्यांना सवय होती, पण या तोंडापुढे त्यांनीही हात टेकले होते.

त्याला काढून टाका, असं मात्र कुणी कधी म्हटलं नाही. गायकवृंदाच्या घटनेत कलम चारनुसार सर्वांना मुक्त प्रवेश आहे, आणि गायकवृंदाला त्या कलमाचा इतका अभिमान आहे की ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं आहे.

महोत्सवाआधी सचिवांनी प्रत्येकाकडून एक तक्ता भरून घेतला. (सचिव म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. न मोजलेलं काही दिसलं की त्यांना अस्वस्थ व्हायचं.) 'आपण छळ सोसला आहे का? असल्यास चाळीस शब्दांत लिहा. तीव्रता एक ते दहा.' निष्कर्ष असे निघाले: वरच्या मजल्यावरच्यांकडून सोसणारे सोळा, सख्ख्या भावाकडून चार, प्रश्न न समजलेले दोन, अजिबात न सोसलेला एक.

तो एक कुलूपवाला. त्यानं प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं, कारण जे काही सोसलं होतं ते त्याच्या मावशीनं, आणि तक्त्यात मावशीसाठी रकाना नव्हता. बारा वर्षांची असताना ही मावशी एक बोचकं घेऊन नऊ दिवस पायी चालत सरहद्द ओलांडून आली होती. बोचक्यात दोन चादरी होत्या आणि डोक्यात एक गाणं. तेच गाणं आता कार्यक्रमपत्रिकेत सातव्या क्रमांकावर होतं. लहानपणी तिनं ते त्याला शिकवलं. तो गायकवृंदात आला तोच मुळी हे गाणं एकदा स्टेजवरून मावशीला ऐकवायचं म्हणून. अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच कार्यक्रमात आलं होतं आणि मावशी एक्क्याण्णव वर्षांची झाली होती. पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यानं तिच्यासाठी धरून ठेवली.

इकडे संचालिकाबाईंना वेगळीच चिंता होती.

"आपल्या गाण्यात वेदनाच नाही हो," त्या बैठकीत म्हणाल्या. "सगळे जेवून आल्यासारखे गातात."

सचिवांनी तक्ता पाहून दुजोरा दिला. मग उपाय कुणी सुचवला ते इतिवृत्तात नाही. पण तर्कात खोट काढायला जागा नव्हती. हद्दपारीवरच्या महोत्सवात निदान एक तरी हद्दपार असायला हवा, बाहेरून आणायला वेळ नाही, म्हणजे तो आपल्यातूनच तयार करायला हवा. नाव सगळ्यांच्या मनात एकच होतं. तरी लोकशाही म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. बावीस चिठ्ठ्यांवर कुलूपवाल्याचं नाव निघालं. तेविसावी त्याची स्वतःची. दुसऱ्या कुणाला वाईट वाटायला नको म्हणून त्यानंही आपलंच नाव लिहिलं होतं. ठराव एकमताने मंजूर झाला.

"मनाला लावून घेऊ नका," सचिव म्हणाले. "मुख्य भूमिका तुमचीच आहे."

"पण मावशी येतेय."

"येऊ द्या की! कलम चार आहे."

"मी दिसेन ना तिला?"

"हद्दपार माणूस दिसायला लागला तर कसं व्हायचं? तुम्हीच सांगा."

कुलूपवाल्याला हे पटलं. त्याला समोरच्याचं लवकर पटत असे.

सभागृहाच्या बाजूच्या दाराबाहेर, जिथे झाडू आणि मोडके माइकचे स्टँड ठेवतात, तिथे त्यानं बसायचं होतं. एकच अडचण निघाली: त्या दाराची कडी आपोआप निसटत असे. तेव्हा समितीनं कुलूपवाल्यालाच बोलावलं. त्यानं कडी काढली, घासली, तेल घातलं, नवीन स्क्रू बसवले आणि आतून लावून दाखवली. मग तो वळसा घालून बाहेर गेला आणि दार ढकलून पाहिलं. ते हललं नाही. कामात त्यानं कधी कुचराई केली नाही.

कार्यक्रमाला दोनशे बारा श्रोते आले. (रुमाल बाहेर काढलेले एकशे चाळीस, पैकी सर्दीचे नऊ.) सातवं गाणं सुरू झालं. आत बावीस जण गायले आणि बाहेर, शहरातलं कुठलंही दार अर्ध्या मिनिटात उघडणारा माणूस, ठरावाचा मान राखून बंद दाराशी बसून गायला, अर्धा सूर खाली, जीव ओतून. दारातून गाळून आलेला तो आवाज ऐकून सभागृहाच्या अंगावर काटा आला.

पहिल्या रांगेतल्या मावशीनं मात्र मान कलती करून क्षणभर ऐकलं, काठी घेतली आणि गाणं चालू असतानाच बाहेर निघाली. (नोंद: एक श्रोता मध्येच उठला. रसिकता कमी.) वळसा घालून ती झाडूंपाशी पोचली.

"तू बाहेर का बसलायस रे?"

"ठराव झालाय, मावशी."

"लेखी?"

"हो. शिक्का पण आहे."

मावशीनं कौतुकानं मान हलवली. "आमच्या वेळी नुसतं तोंडी होतं. सुधारणा आहे म्हणायची." मग ती पालथ्या बादलीवर बसली आणि म्हणाली, "गा. तिसरं कडवं राहिलंय." तिनंही सूर लावला. तोही बरोबर अर्ध्यानं खाली होता. कुलूपवाल्याचे डोळे भरून आले आणि तो गायचा थांबला नाही.

समारोपाला जुन्या संगीताचे एक तज्ज्ञ बोलले. हे गाणं रचणारे लोक आजच्यापेक्षा अर्धा सूर खालीच गात असत, असं त्यांनी सप्रमाण सांगितलं. "आज ते मूळ सुरात गाणारे दोनच आवाज ऐकले," ते म्हणाले, "आणि दोन्ही दाराबाहेरून आले."

पुढच्याच बैठकीत समितीनं तज्ज्ञांचे आभार मानले आणि मूळ सूर यापुढे बहुमतानं ठरवावा असा निर्णय घेतला. हद्दपारीचा प्रयोग कमालीचा यशस्वी झाल्यामुळे ती कायम करण्यात आली, आणि सरावाच्या खोलीलाही लागू झाली.

तेव्हा कुलूपवाला आणि मावशी गाण्यासाठी जागा शोधताहेत. आपण इथवर वाचलंत, म्हणजे आपण सहृदय आहात. म्हणून समितीनं आपलंच नाव सुचवलं आहे. आपल्या भिंतीपलीकडची खोली रिकामी असून सोमवारपासून रोज संध्याकाळी सहा ते आठ तिथे दोघं गातील. हरकत असल्यास कळवावं. अर्ज सोबत जोडला आहे. आपल्याला त्रास नको म्हणून 'विषयाबद्दल संपूर्ण सहानुभूती आहे, परंतु' इथपर्यंतचा मजकूर छापूनच ठेवला आहे. पुढचं कारण आपलं आपण भरावं आणि सही करावी. आपल्या आधीच्या अकरा शेजाऱ्यांनी तसंच केलं आहे.