शिंप्याची सुधारलेली काठी

आपल्या हातून गेलेलं लाकूड बिघडलं, असं दाखवणारा माणूस अजून जन्मायचाय, असं सुतारकाका स्वतःच सांगत. त्यामुळे सात वर्षांनी दोस्त खेळायला येतोय म्हटल्यावर त्यांनी त्याची बिलियर्डची काठी खाली काढली. दोस्त शिंपी; लेकीकडे राहायला गेला तेव्हा काठी काकांकडे ठेवून गेला होता. काकांनी टोकाची जड पितळी टोपी काढून हलकी बसवली, पुढचं लाकूड तासून बोरूसारखं बारीक केलं. काम चार तासांचं, पण त्यांनी आठवडा लावला. काठी हातात असली की शिंपी शेजारी बसून बडबडतोय असं वाटे.

शिंपी आला तो संध्याकाळच्या परतीच्या गाडीचं तिकीट खिशात घेऊनच.

क्लबात त्याने टोकाला खडू लावला, पांढऱ्या बॉलमागे वीतभर अंतरावर पंजा टेकला, काठी जराशी तिरकी केली आणि बॉलच्या डाव्या कडेवर ठोका दिला. बॉल लाल बॉलच्या डावीकडून निघून गेला. दुसराही तसाच. तिसऱ्याने तर लालकडे बघितलंसुद्धा नाही.

"शिंपीदादा, माप चुकलं वाटतं," गुण मांडणारा मार्कर म्हणाला.

शिंपी खुर्चीत बसला. "डोळे गेले रे. लेक म्हणते ते खरंय. बस झाला खेळ."

काका पुढे झाले. "डोळे ठीक आहेत तुझे. काठी मी सुधारली."

"काय केलंस?"

"टोक जड होतं, तेव्हा डावीकडे ठोकला की बॉल उजवीकडे सरकायचा. तू काठी तिरकी धरून तेवढं भरून काढायचास. आता टोक हलकं झालंय, बॉल फारसा सरकतच नाही."

"म्हणजे तीस वर्षं माझं वाकडं काठीच्या वाकड्याने झाकलं होतं?"

"पंजा बॉलपासून दीड वीत मागे टेकून बघ, काठी कमी तिरकी होईल."

शिंप्याने टेकला. लाल बॉल सरळ टेबलाच्या खिशात.

"हाताला वळण लागायला महिना जाईल," तो म्हणाला.

"मग राहा की महिनाभर. मागची खोली रिकामीच आहे. मी झाडूनही ठेवलीय."

"छे, लेकीच्या गल्लीत टेबल आहे की. काठी नव्हती म्हणून जात नव्हतो."

गाडी हलली तेव्हा शिंपी खिडकीत होता, मांडीवर काठी. "काय तासलीयस रे," तो म्हणाला.

हात हलवता हलवता काकांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, काम जरा बिघडायला हवं होतं.