न्हाणीच्या तट्ट्याचं भोक

सरकारने नवे पैसे काढले त्या वर्षी, शिमग्याच्या तोंडावर, रुखमाबाईने ठरवलं की न्हाणीच्या बांबूच्या तट्ट्याचं भोक आपणच बुजवायचं. भोक केवढं, तर जुन्या ढब्बू पैशाएवढं. एवढ्याशासाठी कोणाच्या दारात कशाला जायचं, असं तिला वाटलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

घाई होती कमळासाठी. लेक पहिल्या बाळंतपणाला नागभीडच्या गाडीने बुधवारी यायची होती. पुरुषांचं काय, विहीर आहे, बोडीचं तळं आहे, उघड्यावर उभं राहून चार बादल्या ओतल्या की झालं. बाईला सबंध दिवसात स्वतःची म्हणून जागा मिळते ती तीन हात न्हाणी. तिथे कोणी भाकर मागत नाही, कोणी हाक मारत नाही. रडायचं असलं तर पाण्याच्या आवाजात रडूनही घेता येतं. (रुखमाबाई कधी रडली नव्हती. तिच्या न्हाणीतून भांडणाचाच आवाज यायचा.) सात महिन्यांची पोटुशी पोर सासरहून थकून येणार, तिला निदान तेवढ्या जागेत तरी कोणाच्या नजरेचा धाक नको.

"लटारूले सांगतो," तिचे यजमान गुणवंतराव म्हणाले. "बुरूड माणूस हाय. बांबूच्या दोन कमच्या घालन अन् मोकळा होईन."

"काऊन? माहे हात झडले का? त्याचं सूप वरीसभर टिकलं नाई. घर सारवून सारवून माही बोटं झिजली, अन् एवढंसं भोक मले बुजवता येणार नाई?"

"सारवणं येगळं, इणणं येगळं, रुखमे."

"तुमाले दोनी येत नाई!"

गुणवंतराव बिडी पेटवायला चुलीकडे गेले. (वाद संपवायची त्यांची हीच रीत.)

रुखमाबाईने शेणमातीचा गोळा भोकावर थापला. तट्टा हलला, गोळा पडला. पुन्हा थापला, पुन्हा पडला. मातीला धरायला जागा हवी म्हणून तिने विळ्याने एक कमची कापून ओढली. विणलेल्या तट्ट्याची एक कमची निघाली की शेजारची सैल होते, ती निघाली की तिची शेजारची. दुपारपर्यंत भोक भाकरीएवढं झालं आणि दिवस बुडता बुडता परातीएवढं. मग ती चिडली. खळ्यावरचा भुसा मुठी-मुठीने मातीत कालवला, मागे काटक्या लावल्या आणि असा जाड गिलावा दिला की गुणवंतरावही "वा!" म्हणाले.

सहाव्या दिवशी भिंतीला हिरवे केस आले. भुशात धान राहिलं होतं आणि रोजच्या आंघोळीचं पाणी त्याला मिळत होतं.

गुणवंतरावांनी जवळ जाऊन एक रोप चिमटीत धरून पाहिलं. "रुखमे, रोवणीले बाया सांगू का?"

"थट्टा नोको! मुळ्या धरल्या की माती पक्की होते. म्या मुद्दामच टाकलं धान."

हे खोटं होतं. पण एकदा बोलून बसल्यावर ते रोप उपटायचं कसं? मग तिने उपटलं नाही. वर दोन तांबे पाणी जास्तच घातलं.

बुधवारी कमळा आली. पाय सुजलेले, डोळे खोल गेलेले. रुखमाबाईने निंबाचा पाला टाकून पाणी तापवलं. "जाय, माय. निवांत बस. कोणी नाई येत." पोर आत गेली. पाण्याचा आवाज आला आणि रुखमाबाईच्या जिवाला बरं वाटलं.

तेवढ्यात किंकाळी! "माय वो! कोणीतरी आत घुसलं!"

रुखमाबाईने मुसळ उचललं. "धरा! धरा त्या मेल्याले! माह्या पोरीच्या न्हाणीत घुसला!" तिचा आवाज गावाच्या चारी टोकांना पोचायचा, तो पोचला. माणसं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन धावली.

"बाई," पहिला पोचलेला मुखरू म्हणाला, "हे तं तुमचीच बकरी होय."

बकरी अर्धी आत, अर्धी बाहेर, तोंडात धानाचं रोप. गिलाव्याचा ढीग खाली. भोकातून आता वासरू गेलं असतं. आत कमळा ओल्या लुगड्यात अंग चोरून बसलेली, बाहेर पंधरा पुरुष. रुखमाबाईचं मुसळ हळूच खाली आलं. इतक्या दिवसांत ढब्बू पैशाएवढ्या भोकातून कोणी डोकावलं नव्हतं. आज तिने स्वतःच गाव बोलावलं होतं. ती धावत जाऊन भोकाला पाठ लावून उभी राहिली.

आता लटारूशिवाय गती नव्हती, आणि लटारू जंगलात बांबू आणायला गेलेला. आठ दिवस तरी लागणार. गुणवंतरावांनी भोकावर घोंगडी बांधली, ती वाऱ्याने उडाली. शेवटी रोज आंघोळीच्या वेळी रुखमाबाईच घोंगडीची दोन टोकं दोन हातांत धरून रस्त्याकडे तोंड करून उभी राहू लागली. हात भरून यायचे, पण तिने ते खाली केले नाहीत.

"ए डोमा, काय पाह्यतं? पाय उचल! माही कमळा आंगोळ करून राह्यली!"

डोमा बैलांकडे पाहत चालला होता. तो दचकून इकडे पाहू लागला.

"अवो भैयाजी, तिकून जा! कमळीची आंगोळ चालू हाय! आता कुठी डोक्यावर पाणी घेतलं तिनं!"

चौथ्या दिवशी आतून पाण्याचा आवाज थांबला. कमळा दमलेल्या आवाजात म्हणाली,

"माय, भिंत झालीस तं भिंतीवानी उगी उभी राह्य ना वो!"