किड्यांचं पांजरपोळ

अभिमन देवरे सरांना त्या दिवशी दुपारच्या आत एका किड्याचा जीव घ्यायचा होता, आणि नेमक्या त्याच दिवशी घरमालकीण पानबाई जिन्यात ठाण मांडून बसल्या होत्या. दिवस पर्युषणाचे होते. बाईंचा उपास होता, हातात माळ होती, तोंडाने जप चालला होता. पण कान मात्र वरच्या खोलीकडे आहेत अशी सरांची पक्की खात्री होती.

सर धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. अडुसष्ट साली त्यांनी गल्ली नंबर चारमध्ये हस्तीमलशेठांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा शेठांच्या बायकोनं, म्हणजे पानबाईंनी, अटी सांगितल्या होत्या. कांदा-लसूण शिजवायचा नाही आणि मुंगीसुद्धा मारायची नाही. सर म्हणाले, "छे हो, मी तर किड्यांचाच माणूस. किडे जमवून नीट ठेवतो." यात खोटं एक अक्षर नव्हतं. मेलेले ठेवता की जिवंत, हे बाईंनी विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही. पुढे बाईंनी गल्लीभर केलं, की आमच्या वर किड्यांचं पांजरपोळ आहे. लोक म्हाताऱ्या गायी सांभाळतात तसे आमचे सर किडे सांभाळतात. सुरुवातीचे काही महिने गव्हात सोंडा निघाला की त्या आपल्या मऊ लोकरीच्या पुंजणीनं त्याला अलगद कागदावर घेत आणि वर आणून देत. "सरजी, ह्याला पण जागा करा." सर जागा करत. ती जागा पलंगाखालच्या कुलूपबंद पेटीत असे आणि तिथं टाचणीवर बसावं लागे.

सरांचा जीव अडकला होता तो लांब मिशांच्या एका भुंगेऱ्यात. दोन वर्षांपूर्वी याच खोलीच्या खिडकीत त्यांना तो मरून पडलेला सापडला. पाठीवर पिवळे पट्टे आणि अंगाच्या दुप्पट लांबीची मिशी. मिशी एकच, कारण दुसरी तुटलेली होती. एकाही पुस्तकात त्याचं चित्र नव्हतं. या भुंगेऱ्यांतले जाणकार म्हणजे कलकत्त्याचे डॉक्टर सान्याल. ते म्हणाले, जात नवी दिसते, पण मोडक्या नमुन्यावर नव्या जातीचं वर्णन छापता येत नाही. दोन्ही मिशा शाबूत असलेला एक तरी दाखवा. बडोद्याचा एक गृहस्थही याच्याच मागावर आहे, जो आधी दाखवेल त्याची जात.

तेव्हापासून सर साक्रीच्या जंगलात काटे तुडवत होते. त्यांना पाहून लोक जंगलखात्याचा माणूस आला म्हणून सरपण लपवत. अखेर काल संध्याकाळी एका तोडलेल्या सादड्याच्या ओंडक्यावर तो बसलेला मिळाला, जिवंत आणि दोन्ही मिशांसकट. आज दुपारी डॉक्टर सान्याल मुंबईला जाता जाता वाट वाकडी करून जळगावहून एस.टी.नं येणार होते आणि तासाभरात पुढे निघणार होते. तेवढ्यात किडा मरून, टाचणीला लागून, भिंगाखाली तयार हवा होता.

सरांच्या पत्नी कुंदाबाई दाराच्या फटीतून बाहेर बघून परत आल्या. "बाई काही उठत नही. मी दोनदा देखी ऊनू."

"मंग दार लावी ले," सर कुजबुजले. वर्गात सर शुद्ध बोलत, पण छातीत धडधडायला लागलं की त्यांची भाषा थेट गावाकडे साक्रीला जाऊन पोचत असे.

त्यांनी रुंद तोंडाची बाटली टेबलावर ठेवली. तळाशी औषधात भिजवलेला कापूस होता. भुंगेऱ्याला चिमटीत धरलं, तसा तो मान घासून ओरडला, "कर्र, कर्र." ही जात चिमटीत सापडली की ओरडते, हे सर दरवर्षी मुलांना शिकवत, आज ते त्यांना मुळीच आवडलं नाही. बुचाला हात घातला आणि दारावर थाप पडली.

"सरजी, दरवाजा उघडा नी. स्थानकात प्रवचनाला जमलेल्या बायका आल्या आहे, पांजरपोळ बघायला."

काचेच्या बाटलीत पाय झाडणारा किडा बायकांना दाखवणं शक्य नव्हतं. सरांनी समोरचा पोह्यांचा डबा उघडला, भुंगेरा आत टाकला आणि डबा फळीवर ठेवला. दार उघडताच सात-आठ बायका पानबाईंच्या मागून आत आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. पानबाईंनी टेबलावरची बाटली उचलली.

"बघा, जिवांना गादी पण घातली आहे कापसाची." त्यांनी बूच जरासं सैल केलं. "वास कसला हो सरजी?"

"निजायचं औषध आहे," सर म्हणाले. यातही खोटं एक अक्षर नव्हतं.

"निजायचं," पानबाईंनी बायकांना समजावलं आणि बूच पुन्हा घट्ट लावलं. तेवढ्यात फळीवरून आवाज आला, "कर्र."

सगळ्यांनी फळीकडे पाहिलं. कुंदाबाई खाकरल्या, भांडी हलवली, पण डबा पुन्हा बोलला. पानबाईंनी तो खाली घेतला आणि झाकण काढलं. पोह्यांवर भुंगेरा मिशा पसरून बसला होता.

"भुकेला आहे," एक बाई हळहळली.

इतक्यात जिन्यात बूट वाजले आणि डॉक्टर सान्याल घाम पुसत आत आले. गाडी वेळेआधी पोचली होती. "देवरे बाबू, किधर है हमारा कीडा?" एवढ्या बायका बघून ते उंबऱ्यातच थबकले. हे कलकत्त्याचे मोठे साहेब, त्यांच्याकडेही किडे असतात, एवढं सरांनी कसंबसं सांगितलं.

पानबाईंनी हात जोडले. "आप के उधर कितने जीव है?"

"तीन लाख से ऊपर," डॉक्टर अभिमानानं म्हणाले.

"तीन लाख! और सब को संभालते है?"

"बहुत. एक का पाँव भी टूटने नहीं देता हम."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि साऱ्यांनी हात जोडले. तीन लाख जिवांचं पांजरपोळ चालवणारा माणूस धुळ्यात पहिल्यांदाच येत होता. पानबाईंनी ठरवून टाकलं, की पर्युषणाचे दिवस आहेत, तेव्हा या जिवाला साहेबांच्या हातून अभयदान द्यायचं. त्यांनी भुंगेरा पुंजणीनं उचलून डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला आणि खिडकी उघडली.

डॉक्टरांची नजर मिशांवर गेली. एक पुरी, दुसरीही पुरी. त्यांनी सरांकडे पाहिलं, बायकांनी डॉक्टरांकडे पाहिलं, आणि पानबाई मात्र सरांकडेच बघत होत्या. सर एक शब्द बोलले तर खोली जाणार होती, नाही बोलले तर किडा. सरांना ओरडावंसं वाटत होतं.

"सोडू नका," ते म्हणाले. "बाहेर कावळा शेतस."

"खरंच की," पानबाई म्हणाल्या. "मग खाली चला. आमच्या झोपाळ्यात ह्याचे भाऊबंद आहे, त्यांच्यात सोडू."

सगळे खाली आले. ओसरीवरच्या झोपाळ्याच्या जाड फळीला गोल गोल भोकं पडली होती आणि खाली लाकडाचा भुसा सांडला होता.

"शेठनी साक्रीकडून लाकूड आणलं, त्यातून दर पावसाळ्यात निघतात हे मिशीवाले," पानबाई म्हणाल्या. "शेठ म्हणतात घासलेट ओता. मी नाही ओतू देत."

डॉक्टरांनी हात फळीला टेकवला. भुंगेरा उतरला, मिशा हलवल्या आणि फळीमागच्या फटीत शिरला. सरांचे हात आपोआप पुढे गेले, तसेच मागे आले. बायका समाधानानं आपापल्या घरी गेल्या.

मग पानबाईंनी ओसरीचं दार लोटलं, आतून एक पितळी डबा आणला आणि उघडला. कापसावर तसलेच भुंगेरे ओळीनं ठेवले होते. पिवळे पट्टे, आणि बहुतेकांच्या दोन्ही मिशा जागच्या जागी.

"आपल्या मरणानं मेलेले आहे," त्या म्हणाल्या. "मुका जीव, उकिरड्यावर कसा टाकू?"

सरांनी हात पुढे केला. पानबाईंनी डबा मागे घेतला.

"आधी बाधा घ्या सरजी. जन्मभर जीव मारणार नाही अशी."

"पण पानबाई, मी कुठं मारतो?"

"पलंगाखालची पेटी. पहिल्या दिवाळीला रंगारी आले, तेव्हा पडून उघडली होती. सगळ्या जिवांना टाचण्या. मला अन्न गेलं नाही."

सरांनी वर खोलीकडे पाहिलं. "मग खोली खाली करायला का नाही सांगितलं?"

"दुसरीकडे जाऊन मारले असते. इथे माझ्या समोर होते. म्हटलं, रोज पांजरपोळ पांजरपोळ म्हणत राहू. कधी तरी लाज वाटेल."

प्राणिशास्त्राच्या माणसानं अशी शपथ घेणं म्हणजे न्हाव्यानं केस न कापण्याची शपथ घेणं. सर घुटमळले. डॉक्टर सान्यालांना मराठी कळत नव्हती, पण डब्यावरचा हात कळत होता. ते कानाशी लागले, "जो बोलती है, मान लो देवरे बाबू. बडोदावाला परसों हम से मिलने बंबई आ रहा है."

सरांनी हात जोडून बाधा घेतली. डबा मिळाला.

पुढे वर्णन छापून आलं आणि सरांनी त्या जातीला पानबाईंचं नाव दिलं. ऐकून बाईंनी झोपाळ्याच्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "बरं झालं. आता शेठ घासलेटाचं नाव काढणार नाही."

त्याच आठवड्यात वरच्या पलंगात ढेकूण झाले. कुंदाबाईंनी एक कागदावर धरून सरांपुढे केला. "आते हाऊ कोणले देवाना?"

सर कागद घेऊन खाली गेले. पानबाई झोपाळ्यावर माळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी कागदात डोकावून पाहिलं आणि लुगडं सावरून जरा लांब सरकल्या.

"ह्याला इथे नको सरजी," त्या म्हणाल्या. "ह्याला तुमच्याकडेच जागा करा."