हिराजीशेठ आणि जर्मनीचा विमा

गेल्या जूनमध्ये हिराजीशेठ पनवेलमधल्या एका नव्या हॉस्पिटलात जाऊन बसले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कोण आहे?"

"अजून कोन नाय," शेठ म्हणाले. "आमी बगून ठेवतो."

शेठ माझे शेजारी. मूळचे उरणजवळच्या जासईचे, जमीन कंटेनर यार्डात गेल्यावर इथे फ्लॅट घेतला. पत्नी वारल्या आहेत. घरात ते आणि मुलगी स्नेहल. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, रात्री कोणतं फाटक उघडं असतं, हे ते स्वतः पाहून येतात. सोसायटीत कुणी शिंकलं तरी विचारतात, "दाखवायचं कुटं, ठरलाय का?"

त्याच महिन्यात स्नेहलला जर्मनीत एमएससीला प्रवेश मिळाला. आरोग्य विम्याशिवाय तिथलं विद्यापीठ नाव दाखल करून घेत नाही. आम्ही विमा एजंटच्या ऑफिसात गेलो, त्याने खासगी पॉलिसी पुढे केली.

"काका, ही स्वस्त आहे. सगळी मुलं हीच घेतात."

"पोरीला दमा हाय. त्याचं औषध यात भेटंल?"

"आधीचा आजार यात येत नाही. पण तिकडे हवा एकदम चांगली."

"मंग हवेचाच विमा काडा तुमी."

स्नेहल वैतागली. "बाबा, आता घेऊ, नंतर बदलू."

"बदलता येतो?" शेठनी एजंटला विचारलं.

एजंटने पेनाचं टोपण लावलं. खासगी विम्यासाठी तिथल्या सार्वजनिक विम्यातून एकदा सूट घेतली, की शिक्षण संपेपर्यंत परत तिकडे जाता येत नाही, असं त्याने सांगितलं. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा सवलतीच्या हप्त्यात मिळतो. हप्ता खासगीपेक्षा जास्त. पण जुना आजार त्यात धरतात.

"ही गोष्ट आदी नाय सांगायची?"

अर्ज भरून होईपर्यंत शेठ खुर्चीतून हलले नाहीत. एजंटचा जेवणाचा डबा तसाच राहिला. सार्वजनिक विम्याचा अर्ज त्याच टेबलावरून गेला. विमा संस्थेने विद्यापीठाला परस्पर कळवलं आणि सप्टेंबरअखेर स्नेहल गेली.

डिसेंबरमधल्या एका रविवारी मी शेठकडे बसलो असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. आदल्या आठवड्यात दमा उसळला होता. ती डॉक्टरकडे गेली, विम्याचं कार्ड दाखवलं. त्यांनी तपासून पंप लिहून दिला. आता बरी होती.

"तवाच का नाय सांगितलं?"

"तुम्ही जेवला नसता, बाबा."

"बरोबर कोन व्हतं?"

"कोणी नाही. ट्रामने गेले."

शेठनी फोन माझ्या हातात दिला. "तुमी बोला," म्हणाले आणि गॅलरीत गेले. मी तिला थंडीचं विचारलं, जेवणाचं विचारलं. फोन ठेवला तेव्हा शेठ पाठमोरे उभे होते.